चारी किनारी बंद

म्हसवडला आमच्या मागावर दुरुस्तीचं काम सहसा येत नाही. घोंगडं विरलं की माणसं ते जनावरांच्या अंगावर टाकतात. साताऱ्याचे एक साहेब मात्र भोक पडलेलं पांघरूण घेऊन आले. बोलिव्हियात खाणीवर नोकरीला होते, तिथल्या विणणाऱ्या बाईकडून घेतलेलं. लामाच्या लोकरीचं. कपाटात कसर लागली होती.

लामा हा उंटाच्या कुळातला, पण बिनमदारीचा. अँडीजच्या डोंगरात ओझ्याला आणि लोकरीला पाळतात. हात लावला तर तेलकटपणा जवळजवळ नाहीच. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर बोटाला चिकट लागते. या पांघरुणात मधूनच राठ केस टोचत होते. लामाला आत मऊ लव आणि वर जाड केस असतात. हे केस जितके वेचून काढावे तितकं पांघरूण मऊ. तपकिरी, काळे, पांढरे पट्टे होते, पण रंग दिलेला नव्हता, सगळे जनावराचेच.

मी अडकलो ते किनारीपाशी. घोंगडं मागावरून उतरवताना ताणा, म्हणजे उभे धागे, कापावे लागतात, म्हणून टोकांना सुट्या धाग्यांच्या दशा राहतात. इथे चारी बाजू बंद! उलटून बघितलं, तर एका ठिकाणी वीण जरा सैल, वेडीवाकडी. साहेबांनी मोबाईलवर दाखवलं: जमिनीत खुंट ठोकून मापाचाच ताणा लावतात, दोन्ही टोकांकडून विणत येतात. शेवटी आडवा धागा नेणारा धोटा जायला जागा उरत नाही, तेवढा भाग सुईनं भरतात. तीच ती जागा. दुसऱ्या एका चित्रात बाई चालता चालता चातीवर सूत काढत होती. आई म्हणाली, "आपले धनगर वेगळं काय करतात?"

दुरुस्तीचं सूत आईनंच काढलं. तिकडचं सूत दुपदरी, कडक पिळाचं, आमचं एकेरी. तिनं कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळ पिंजून दोन पदर पिळले. ही जावळही आता सहज मिळत नाही. मटणासाठी माडग्याळ मेंढ्या वाढल्या, त्यांच्या अंगावर लोकर कितीशी? चिंचोक्याची खळ मी मुद्दाम दिली नाही, पांघरूण ताठ झालं असतं. ताण्याचे धागे आधी ओढून घेतले, मग आडवे. रंग थोडा गडद पडला, ते साहेबांना आधीच सांगितलं होतं.

"मामा, घोंगडं असं चारी बाजूंनी बंद विणून द्याल का?"

"आमच्या मागावर नाही जमायचं. दशांची दोन तयार आहेत."

त्यांनी काळं घेतलं.