शॉर्टकटमधली टक्केचिन्हं शाबूत ठेवताना: कामाची नोंद

शॉर्टकटांचा संच आता एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर नेला तरी चालतो. फोल्डर उचलायचा, दुसऱ्या मशीनवर टाकायचा आणि डबल-क्लिक करायचं. तिथे वापरकर्त्याचं नाव वेगळं असो की विंडोज दुसऱ्या ड्राइव्हवर असो, योग्य ती फाइल उघडते. अट एकच होती: शॉर्टकटच्या पोटात तयार पत्ता नको, %युजरप्रोफाइल% किंवा %सिस्टिमरूट% असं व्हेरिएबल (टक्केचिन्हांमधलं नाव, ज्याच्या जागी विंडोज त्या-त्या मशीनवरची किंमत घालतं) जसंच्या तसं हवं. आणि उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज भरत बसायचं नाही, सगळं कमांड लाइनवरून.

सीएमडीत, म्हणजे विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, शॉर्टकट बनवायची कमांडच नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. व्हिस्टापासून आलेली एमकेलिंक बनवते ती सिम्बॉलिक लिंक. ती फाइल सिस्टिमची गोष्ट आहे. तिला आयकॉन नाही, आर्ग्युमेंट नाहीत, आणि व्हेरिएबल म्हणजे काय हे तिला माहीतच नाही. शॉर्टकट ही मात्र शेलची, म्हणजे डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या भागाची फाइल. ती बनवायला मी डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल हा कॉम ऑब्जेक्ट (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा विंडोजचा तयार घटक) पॉवरशेल या विंडोजच्या नव्या कमांड लाइनमधून वापरते: क्रिएटशॉर्टकट, मग टार्गेटपाथ, आर्ग्युमेंट्स, वर्किंगडिरेक्टरी, आयकॉनलोकेशन आणि शेवटी सेव्ह. हेच व्हीबीस्क्रिप्टमधूनही करता येतं, पण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट निवृत्त करायचं जाहीर केलंय, त्यामुळे नव्या कामात ती वाट धरण्यात अर्थ नाही. हा ऑब्जेक्ट मात्र वेगळ्या फाइलमध्ये राहतो, पॉवरशेलला त्यासाठी व्हीबीस्क्रिप्ट लागत नाही.

या छंदातला सगळा रस माझ्या मते एका प्रश्नात आहे: टक्केचिन्हं नेमकी कोण सोडवतं आणि कधी?

पहिला उमेदवार सीएमडी. तुम्ही ओळ लिहून एंटर दाबलात की प्रोग्रॅमच्या हाती काही पडण्याआधीच सीएमडी व्हेरिएबलच्या जागी किंमत घालून मोकळा होतो. शॉर्टकटमध्ये मग तुमचंच नाव असलेला पक्का पत्ता जातो. तुमच्या मशीनवर तो उत्तम चालतो, आणि म्हणूनच गडबड उशिरा कळते. बॅच फाइलमध्ये चिन्ह दुप्पट केलं की एक शिल्लक राहतं. प्रॉम्प्टवर थेट लिहिताना मात्र ही दुप्पट चालत नाही. तिथे शेवटच्या टक्क्याआधी कॅरेट (^ हे चिन्ह) घालायची युक्ती आहे, पण ती समजून वापरावी. कॅरेट टक्क्याला वाचवत नाही. त्याच्यामुळे व्हेरिएबलचं नाव 'युजरप्रोफाइल' न राहता कॅरेटसकटचं नाव होतं, त्या नावाचं काही सापडत नाही, म्हणून मजकूर तसाच राहतो आणि मग कॅरेट गळून पडतो. दुहेरी अवतरणात तो गळत नाही आणि थेट पत्त्यात घुसतो. पत्त्यात मोकळी जागा असली की अवतरण लागणारच, म्हणजे ही युक्ती नेमकी गरजेच्या वेळी दगा देते.

पॉवरशेलमध्ये मजकुरातल्या टक्क्याला काहीच खास अर्थ नाही, तिथे डॉलर खास. म्हणून एकेरी अवतरणात लिहिलं की काम झालं. फक्त बॅच फाइलमधून पॉवरशेलला ओळ पाठवत असाल तर वाटेत सीएमडी पुन्हा आडवा येतो आणि टक्के पुन्हा दुप्पट करावे लागतात. मी सगळं पीएस१ फाइलमध्ये, म्हणजे पॉवरशेलच्याच स्क्रिप्टमध्ये हलवलं आणि हा थरच काढून टाकला.

आता आतली गोष्ट. शॉर्टकटची फाइल फॉरमॅट-हेक्सने (फाइलचे बाइट्स दाखवणारी पॉवरशेलची कमांड) उघडून बघा, फार छान रचना आहे. पहिला बाइट हेक्समध्ये ४सी, म्हणजे ७६. हेडर बरोबर तेवढ्याच बाइट्सचं असतं आणि हा आकडा तेच सांगतो. या आकड्याचे चार बाइट्स संपले की १६ बाइट्सची ठरलेली ओळख, मग चार बाइट्सचे फ्लॅग, म्हणजे फाइलमध्ये काय काय आहे ते सांगणारे बिट. त्यातल्या दुसऱ्या बाइटमध्ये २ किमतीचा बिट लागलेला असेल तर या फाइलमध्ये व्हेरिएबलचा स्वतंत्र ब्लॉक आहे असं समजायचं. तो ब्लॉक फाइलच्या शेवटाकडे सापडतो. आकार कायम ७८८: चार बाइट्स आकाराचे, चार सहीचे (ब्लॉक ओळखायचा ठरलेला आकडा), २६० बाइट्स एएनएसआय (विंडोजची जुनी, मर्यादित अक्षरांची पद्धत) पत्त्याचे आणि ५२० युनिकोड पत्त्याचे. पत्ता दोनदा लिहिलेला असतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक इंग्रजी अक्षरामागे एक शून्य बाइट दिसतो, आणि त्यात टक्केचिन्ह, नाव, टक्केचिन्ह असं सगळं शाबूत दिसलं की जो आनंद होतो तो या छंदातल्या लोकांना वेगळा सांगायला नको.

बाइट्सपर्यंत जायचं कारणही आहे. त्याच ऑब्जेक्टकडून टार्गेटपाथ परत वाचला तर सोडवलेला, पक्का पत्ता हाती येतो. त्यावरून आत व्हेरिएबल आहे की नाही ते कळत नाही. त्यामुळे माझी तपासणीची स्क्रिप्ट फाइलचे सगळे बाइट्स वाचते, फ्लॅग बघते, ब्लॉकची सही शोधते आणि त्यातला युनिकोड भाग छापते. नमुना म्हणून कमांड प्रॉम्प्टचा स्वतःचा शॉर्टकट घ्या. त्याच्या टार्गेटमध्ये %विंडिर% आणि 'स्टार्ट इन'मध्ये %होमड्राइव्ह%%होमपाथ% असतं.

आयकॉनसाठीही तसाच, ७८८ बाइट्सचाच वेगळा ब्लॉक असतो, फक्त सही निराळी. आयकॉनलोकेशनमध्ये %सिस्टिमरूट%पासून पत्ता, मग स्वल्पविराम आणि क्रमांक. यात फार काही सांगण्यासारखं नाही.

स्वतःच्या व्हेरिएबलवर मात्र वेळ द्यावा लागला. प्रकल्पांच्या फोल्डरसाठी मी %कामघर% (प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत) ठेवलंय. सेट या कमांडने दिलेलं व्हेरिएबल त्या खिडकीपुरतं. डबल-क्लिक होतं एक्सप्लोररमध्ये, आणि एक्सप्लोररला त्या खिडकीतलं काही दिसत नाही. सेटएक्स या कमांडने दिलेलं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कायम साठ्यात जातं. त्याची सूचना सगळ्या खिडक्यांना फिरते आणि एक्सप्लोरर ती ऐकतो, पण आधीपासून उघड्या असलेल्या सीएमडीला नवी किंमत मिळत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये क्रम पक्का केलाय: आधी व्हेरिएबल वापरकर्त्याच्या पातळीवर, लगेच चालू सत्रातही, आणि त्यानंतरच शॉर्टकट. सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापतं, तेव्हा पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी असलेलं व्हेरिएबल) बदलायला ते वापरू नका, कळकळीची विनंती.

आणखी एक जागा जपण्याची: %प्रोग्रॅमफाइल्स%. ६४ बिटांच्या विंडोजवर याची किंमत विचारणाऱ्यावर अवलंबून असते. ६४ बिटांच्या प्रोसेसला साधा प्रोग्रॅम फाइल्स मिळतो, ३२ बिटांच्या प्रोसेसला एक्स८६वाला. एखाद्या ३२ बिटांच्या लाँचरमधून तोच शॉर्टकट उघडला की पत्ता भलतीकडे जातो. मी अशा ठिकाणी %प्रोग्रॅमडब्ल्यू६४३२% वापरते, ते दोघांनाही एकच उत्तर देतं.

पुढचा टप्पा देवनागरी नावांचा. देवनागरीला विंडोजमध्ये एएनएसआय कोडपेजच (अक्षरांचा तक्ता) नाही, आणि डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल आतून एएनएसआयवरच चालतं. त्यामुळे फोल्डरचं नाव मराठीत असलं की त्याच्या हाती प्रश्नचिन्हं लागतात किंवा सेव्ह करतानाच चूक येते. फाइलच्या फॉरमॅटची यात काही अडचण नाही, युनिकोडची ५२० बाइट्सची जागा तयारच आहे. अडतं ते लिहिणाऱ्यापाशी. %कामघर%मुळे अर्धं काम आपोआप झालंय: फोल्डरचं मराठी नाव व्हेरिएबलच्या किमतीत राहतं, टार्गेटमध्ये फक्त टक्के आणि इंग्रजी अक्षरं. हा भाग सध्या मी पॉवरशेलमधून सी-शार्पचा छोटा तुकडा जोडून शेल लिंकच्या युनिकोड इंटरफेसवर हलवतेय, म्हणजे शॉर्टकट फाइलचं स्वतःचं नावही मराठीत ठेवता येईल. तपासणीच्या स्क्रिप्टला त्यासाठी हात लावायची गरज नाही, ती पहिल्यापासून युनिकोड भागच वाचते.