आपला माणूस उभा होता, मग मत त्याला का नाही?

जानेवारी २०२४ पासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. कराडला गेले की आत्या विचारते. मामेभाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच. "तुम्ही रिपब्लिकन ना? आणि राहता आयोवात! मग विवेक रामास्वामीला मत दिलंत की नाही? आपला माणूस उभा होता." रामास्वामी म्हणजे २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिलेले भारतीय वंशाचे नेते. नाही, दिलं नाही. पण 'नाही' म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि रांगेत उभ्या उभ्या कारण सांगता येत नाही. आता तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी आयोवाचं, म्हणजे अमेरिकेतल्या माझ्या राज्याचं, सांगायला हवं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे अमेरिकेत पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत, पक्षाचे मतदार राज्याराज्यांतून ठरवतात. रिपब्लिकन पक्षात त्याची सुरुवात आमच्या राज्यातून होते, आणि ती मतदान केंद्रावर नाही, कॉकसमध्ये होते. कॉकस म्हणजे वॉर्डाची सभा. शाळेत, चर्चमध्ये, अग्निशमन केंद्रात संध्याकाळी सातला जमायचं, प्रत्येक उमेदवारातर्फे कुणीतरी दोन शब्द बोलायचं, मग कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, आणि चिठ्ठ्या सगळ्यांदेखत मोजायच्या. टपालाने मत चालत नाही, स्वतः जावं लागतं. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात २०२४ मध्ये २४२९ प्रतिनिधी होते, त्यातले आमच्या राज्याच्या वाट्याला फक्त ४०. तरीही वर्षभर आधीपासून उमेदवार आमच्या गावोगावी फिरत असतात, कारण इथे जो मागे पडतो त्याच्या मागचा पैसा आटतो.

मी २०११ मध्ये नागरिक झाले आणि ३ जानेवारी २०१२ ला पहिल्या कॉकसला गेले. त्या रात्री मिट रॉमनी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. दोन आठवड्यांनी पक्की मोजणी आली, तर रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे! सव्वा लाखाच्या आसपास मतांमध्ये चौतीस. तेव्हापासून एकही कॉकस मी चुकवलेला नाही.

रिपब्लिकन का, हेही विचारतात, कारण इथले बहुतेक भारतीय डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले. माझी मुलगीही तिकडचीच. सरकारने जपून खर्च करावा असं म्हणणारा पक्ष मला जवळचा वाटला, आणि त्याचं कारण कराडचं आहे. आमचे अण्णा एका पतसंस्थेत शाखा व्यवस्थापक होते. एका संचालकाच्या मेव्हण्याचं कर्जप्रकरण त्यांच्या टेबलावर आलं. तारण अपुरं, आधीचे हप्ते थकलेले. वरून निरोप आला, "आपलाच माणूस आहे, सही करून टाका." अण्णांनी सही केली नाही. महिन्याभरात त्यांची बदली झाली, आणि सही दुसऱ्याने केली. अशा कितीतरी सह्या झाल्या असतील, कारण काही वर्षांनी ती संस्था बुडाली.

अण्णा तोवर निवृत्त झाले होते. तरी ठेवीदार आमच्या ओसरीवर येऊन बसायचे, कारण ओळखीचा चेहरा तेवढा एकच. एक आजी आठवतात. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, ठेवपावत्या आणि वर रुमालाची गाठ. अण्णांनी एकेक पावती उलगडून चष्म्यापुढे धरली, कागदावर रक्कम आणि मुदत लिहिली, खाली बेरीज केली आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. पैसे मिळतील असं ते म्हणाले नाहीत. आजींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "लवकर मिळतील असं मी सांगितलं तर ते खोटं होईल." आजींनी कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली, आणि चहा पिऊन गेल्या. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

आज मी डे मॉइनच्या एका उपनगरात छोट्या दुकानदारांची आणि शेतकऱ्यांची कराची कामं करते. जानेवारीत मान वर करायला फुरसत नसते, कारण शेतकऱ्यांची बरीच विवरणपत्रं १ मार्चच्या आत जायची असतात. दिवसभर लोकांचा जमाखर्च पाहायचा आणि रात्री देशाचा पाहायचा, तर झोप उडते. कॉकसच्या दोन आठवडे आधी अमेरिकेवरचं कर्ज ३४ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. आदल्या आर्थिक वर्षात नुसत्या व्याजापोटी ६५९ अब्ज डॉलर गेले. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा जो सोशल सिक्युरिटी निधी आहे, त्याच्या विश्वस्तांनी २०२३ च्या अहवालात लिहून ठेवलं होतं की काही केलं नाही तर २०३३ मध्ये गंगाजळी संपेल, आणि त्यानंतर ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्केच देता येतील. ऋण काढून सण करणं म्हणतो ना आपण, तेच हे, आणि यात दोन्ही पक्ष सामील आहेत. म्हणून मी उमेदवारांना एकाच गोष्टीवर तोलत होते. हे आपल्याच पक्षाच्या लोकांसमोर, टाळ्या मिळणार नाहीत हे माहीत असून, कोण बोलतो?

आता रामास्वामींविषयी. आईवडील केरळातून आलेले, जन्म सिनसिनाटीचा, तेव्हा वय अवघं ३८, औषधांची कंपनी काढून मोठी केलेली. आयोवाचे ९९ च्या ९९ जिल्हे त्यांनी दोनदा पालथे घातले. कष्टात कसूर नव्हती. आणि एका गोष्टीचा मला मनापासून अभिमान वाटला. इथे कॉकसला येणाऱ्यांत कडव्या श्रद्धेचे ख्रिस्ती बहुसंख्य असतात. त्यांच्यासमोर धर्माचा प्रश्न आला की त्यांनी मी हिंदू आहे हे सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण मत द्यायचं म्हणजे किल्ल्या हातात द्यायच्या. ते केंद्र सरकारचे ७५ टक्के कर्मचारी कमी करू म्हणायचे. खर्च कमी व्हावा हे मलाही हवं आहे, पण पगारावर जातो त्याच्या कितीतरी पट पैसा पेन्शन, वैद्यकीय मदत आणि व्याजावर जातो. ज्याने हा ताळेबंद उघडून पाहिला आहे त्याला हे ठाऊक असतं. युक्रेनचा बळकावलेला मुलूख रशियाकडेच राहू द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. आणि २३ ऑगस्ट २०२३ ला मिलवॉकीच्या पहिल्या वादचर्चेत त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना एकविसाव्या शतकातले सर्वोत्तम राष्ट्राध्यक्ष म्हटलं. ज्या चार वर्षांत कर्जात जवळपास ८ लाख कोटी डॉलरची भर पडली (त्यातलं शेवटचं वर्ष कोविडचं, हे मान्य), ती चार वर्षं सर्वोत्तम म्हणायची, तर तुम्ही स्वतः कशासाठी उभे आहात?

त्याच रात्री त्याच मंचावर दुसऱ्या एक उमेदवार, दक्षिण कॅरोलिनाच्या माजी गव्हर्नर निकी हेली बोलल्या. कर्जाचा विषय निघाल्यावर बाकीचे बायडनना दोष देत होते. त्यांनी सांगितलं की हे आपल्या रिपब्लिकनांनीही केलं आहे, आणि आपली मुलं याबद्दल आपल्याला कधी माफ करणार नाहीत. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. दक्षिण कॅरोलिनातल्या एका छोट्या गावात आईवडिलांच्या कपड्यांच्या दुकानाचे हिशेब ही बाई तेराव्या वर्षापासून लिहायची, पुढे अकाउंटिंगचीच पदवी घेतली. तरुणांसाठी निवृत्तीचं वय वाढवावं लागेल, हेही त्या उघड सांगत होत्या. त्यात मतं मिळत नाहीत, उलट जातातच.

आत्या म्हणते, "ती तर अमृतसरच्या शिखांची लेक, धर्म बदललेली, नाव बदललेलं. ती कसली आपली?" निकी हे तिचं घरचं पंजाबी नाव आहे, जन्मदाखल्यावरचं. राहता राहिला धर्म, तो तिचा. मी तो मोजला नाही. रामास्वामींचं हिंदू असणंही मी मतासाठी मोजलं नाही. दोन्हीकडे एकच माप लावायला हवं ना?

हेलींचंही सगळं पटलं असं नाही. पेट्रोलवरचा केंद्राचा कर रद्द करू म्हणाल्या तेव्हा मी कपाळाला हात लावला. गॅलनला १८.४ सेंट, १९९३ पासून तेवढाच, आणि रस्ते त्याच पैशातून होतात. तो काढला तर भरपाई कुठून करणार? डिसेंबरच्या अखेरीस न्यू हॅम्पशायरमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धाचं कारण विचारलं तर गुलामगिरीचं नावच घेतलं नाही. ज्या बाईने २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या हत्याकांडानंतर राज्याच्या विधान भवनापुढून कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे त्या युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा, उतरवला, तिने असं बोलावं, याचं मला फार वाईट वाटलं. त्या आठवड्यात मी रॉन डिसँटिस यांच्याकडे जवळपास वळलेच होते. फ्लोरिडाचा कारभार त्यांनी घट्ट हाताने केला आहे, आमच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांचा त्यांना जाहीर पाठिंबा होता, आणि ९९ जिल्हे त्यांनीही पुरे केले होते. पण खासदार असताना निवृत्तीचं वय ७० करण्याच्या ठरावाला मत दिलेला हा माणूस आता सोशल सिक्युरिटीला हात लावणार नाही म्हणत होता. आकडे तर तेव्हापेक्षा वाईट झालेत. ट्रम्प यांचीही हात न लावण्याचीच हमी, आणि ते एकाही वादचर्चेला आले नाहीत. मला नोकरीवर माणूस ठेवायचा असेल तर मुलाखतीला न येणाऱ्याला मी ठेवत नाही.

१५ जानेवारी २०२४. सोमवार, आणि मकर संक्रांत. आदल्या आठवड्यात दोन बर्फाची वादळं होऊन गेलेली, संध्याकाळी पारा उणे वीस सेल्सिअसच्या आसपास. सकाळी तिळाच्या वड्या थापल्या होत्या, त्यांचा डबा घेऊन शाळेच्या कॅफेटेरियात गेले. लोकांनी कोट काढले नव्हते. राष्ट्रध्वजाची शपथ झाली, सभेचा अध्यक्ष निवडला, आणि हेलींतर्फे कोण बोलणार असं विचारलं तर कुणी उठेना. मी उठले. हातात डबा तसाच होता. मी फक्त व्याजाचा आकडा सांगितला, आणि २०३३ साली या खोलीतला कोण किती वर्षांचा असेल याचा हिशेब करून पाहा म्हटलं. आवाज कापत होता. पण लोकांनी ऐकून घेतलं.

चिठ्ठ्या वाटायला सुरुवात होण्याआधीच शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी मला फोन दाखवला. साडेसात वाजले होते, आणि वृत्तसंस्थेने ट्रम्प जिंकल्याचं जाहीर करून टाकलं होतं! आमच्या खोलीत अजून एकही मत पडलं नव्हतं. मी ती कोरी चिठ्ठी हातात धरून बसले. मग नाव लिहिलं, घडी घातली आणि टाकली. आजोबांनीही लिहिलं. त्यांनी ट्रम्पना दिलं, हे त्यांनीच सांगितलं, आणि दोन वड्या घेतल्या.

ट्रम्पना ५१ टक्के मिळाले, डिसँटिसना २१, हेलींना १९. रामास्वामी आठ टक्क्यांच्या आत राहिले, आणि त्याच रात्री माघार घेऊन त्यांनी ट्रम्पना पाठिंबा दिला. मत दिलं असतं तर ते मध्यरात्रीच्या आत दुसऱ्याच्या खात्यात गेलं असतं, हे मी मामेभावाला सांगते तेव्हा तो जरा गप्प होतो. ९९ पैकी एकच जिल्हा ट्रम्प हरले, जॉन्सन. तिथे हेली एका मताने पुढे होत्या. माझा जिल्हा तो नाही. तरीही दुसऱ्या दिवशी ते वाचलं आणि वाटलं, थंडीत घराबाहेर पडलेला तो एक माणूस कोण असेल!

हेली मार्चपर्यंत टिकल्या. वॉशिंग्टन शहर आणि व्हरमाँट जिंकलं, आणि ६ मार्चला थांबल्या. नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीतल्या मताविषयी विचाराल तर ते माझ्यापाशीच राहू दे, मुलीलाही सांगितलेलं नाही. पक्ष मात्र सोडलेला नाही, सोडणारही नाही. २०२८ साठी इच्छुक मंडळी आमच्या राज्याच्या ऑगस्टमधल्या जत्रेत फिरू लागतील. त्यांना विचारायचा प्रश्न मी एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे: "२०३३ मध्ये पेन्शन तेवीस टक्क्यांनी कमी होणार, तर तुम्ही नेमकं काय कराल?" खाली जागा सोडली आहे, प्रत्येकाचं उत्तर त्याच्या नावापुढे लिहायला.