आमची वाटचाल : सव्वापाच ते सहा

सांगलीत आमच्या गल्लीत शाळेची रिक्षा सव्वापाचला यायची आणि माझी नोकरी सहाला सुटायची. मधला पाऊण तास मुलगा शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन घरात एकटा. गॅसला हात लावायचा नाही, हा एकच नियम. मग खायचं काय? बिस्किटांचा पुडा संपवायचा आणि रात्री जेवायला नाही म्हणायचा.

धंदा सुरू झाला तो या पाऊण तासामुळे. 2015 साली सासूबाईंनी सातूचं पीठ करून दिलं. गहू ओलवून कांडायचे, कोंडा पाखडायचा, खमंग भाजायचे, मग डाळं आणि थोडं जिरं घालून बारीक दळायचं. सगळं आधीच भाजलेलं, त्यामुळे शिजवायची गरज नाही. वाटीत चार चमचे पीठ, गूळ आणि दूध, की झालं. मुलानं वर्गात बढाई मारली आणि त्याच्या मित्रांच्या आया किलोकिलोनं मागू लागल्या.

उलाढाल 12 लाखांच्या आत, म्हणून अन्नसुरक्षेची साधी नोंदणी, तेव्हा वर्षाला 100 रुपये फी. ते सोपं गेलं. छळलं ते दळणानं. आमच्या आधी कुणी मसाला दळला असेल तर सातूला मिरचीचा ठसका! शेवटी गिरणी उघडली की पहिलं दळण आमचं, असं ठरवून घेतलं.

खरा फटका घाईनं दिला. एका पावसाळ्यात 40 किलो थालीपिठाची भाजणी गिरणीतून आली तशी गरम गरम पिशव्यांत भरली. दळताना पीठ तापतं हे काय मला माहीत नव्हतं? पण टेम्पो दारात उभा होता. आत वाफ धरली, आठ दिवसांत गुठळ्या आणि कुबट वास. सगळा माल परत आणला, पैसे परत केले. आता पीठ रात्रभर सुती चादरीवर पसरलेलं असतं. टेम्पो थांबो नाहीतर जावो.

2023 हे भरडधान्यांचं वर्ष, तेव्हा जो तो नाचणी मागू लागला. मोड आणून, सावलीत वाळवून लाडू केले. आयांनी कौतुकानं नेले, मुलांनी तोंड वाकडं केलं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण ते मुलाला सांगून काय उपयोग? दाण्याचा कूट वाढवला, वेलदोडा घातला आणि लाडू पेढ्याएवढे वळले. मोठा लाडू अर्धा उरतो, छोटे तीन फस्त होतात.

‘रोज सातू नको म्हणतो,’ असं आया सांगतात. मी म्हणते, पातळ पोहे दह्यात भिजवून वर मेतकूट घाला, शिळी पोळी कुस्करून गूळ-तुपाचा लाडू वळून ठेवा, नाहीतर भडंगात कच्चा कांदा. यातलं आम्ही विकतो ते फक्त मेतकूट. भडंग करणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला आम्ही जात नाही.

परवा पाकिटावरचा नंबर बघून एका मुलानं फोन केला, ‘मावशी, दूध नासलंय. पाण्यात कालवू?’ म्हटलं, ताक असेल तर बघ, मीठ टाक, गूळ नको. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. त्यानं कोथिंबीर तोडून घातली होती आणि ती का लिहिली नाही म्हणून मलाच विचारत होता. नव्या पाकिटावर ताकाची कृती छापली आहे, कोथिंबिरीसकट. अक्षरंही मोठी केली, कारण वाचणारा नऊ-दहा वर्षांचा असतो.