वडिलांची निळी वही आणि पाच बँकांचे पासवर्ड

गेल्या दिवाळीत वडिलांनी त्यांची निळी वही माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "बँकांचं सगळं यात आहे, तुला माहीत असलेलं बरं." पाच बँकांची खाती, प्रत्येकाचा युजर आयडी, लॉगिनचा पासवर्ड, आणि काही बँका व्यवहारासाठी वेगळा पासवर्ड मागतात म्हणून तोही, असे सारे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते. खाडाखोड पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की हे सगळे पासवर्ड मुळात एकच आहेत: माझ्या भावाचे नाव, पुढे ॲटचे चिन्ह आणि शेवटी वर्ष. बँकेने ठरावीक मुदतीनंतर पासवर्ड बदलायला लावला की ते फक्त वर्ष बदलत.

यात मी त्यांना दोष देणार नाही. वारंवार सक्ती केली की माणूस जुन्याच पासवर्डात एखादा आकडा पुढे ढकलतो. म्हणूनच मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील 'निस्ट' या संस्थेने २०१७ मध्ये, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना मुदतीनुसार तो बदलायला लावू नये, अशी शिफारस केली. मोठा धोका तोच पासवर्ड सगळीकडे वापरण्यात आहे. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून ग्राहकांची यादी चोरीला गेली, की त्यातील नावे आणि पासवर्ड इतर ठिकाणी आपोआप चालवून पाहिले जातात. ओटीपी नसल्याने चोराला पैसे काढता आले नाहीत, तरी खात्याचा तपशील नुसता दिसला तर पुरेसा असतो, कारण शेवटचे तीन व्यवहार अचूक सांगणारा माणूस फोनवर बँकेचाच अधिकारी वाटतो.

दोन रविवार खर्च करून आम्ही वडिलांच्या संगणकावर कीपासएक्ससी हा विनामूल्य पासवर्ड मॅनेजर बसवला. तो सर्व पासवर्ड एकाच कूटबद्ध फाइलमध्ये ठेवतो आणि ती फाइल आपल्याच संगणकावर राहते. तिची एक प्रत आम्ही पेनड्राइव्हवर घेतली. प्रत्येक बँकेचा पासवर्ड त्यानेच तयार केला, फक्त लांबी आणि चिन्हे यांबाबत त्या त्या बँकेचा नियम पाळावा लागला. त्याचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो: ब्राउझरशी जोडल्यावर तो नोंदवलेल्या पत्त्यावरच पासवर्ड भरायला तयार होतो, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर तो गप्प राहतो आणि आपल्याला थांबून पत्ता वाचावा लागतो.

पाठ करायचा उरला तो फाइलचा एकच पासवर्ड. त्यासाठी वडिलांनी फासे टाकून शब्दकोशातील पाने ठरवली आणि एकमेकांशी संबंध नसलेले सहा मराठी शब्द रोमन लिपीत निवडले. त्यांना आधी अभंगाची ओळ घ्यायची होती, पण प्रसिद्ध ओळी अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामलाही ठाऊक असू शकतात. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन मात्र आम्ही या फाइलमध्येही ठेवले नाहीत.

मोबाइल क्रमांकाकडे आमचे जवळजवळ दुर्लक्षच झाले होते. एका खात्याला वडिलांचा जुना क्रमांक जोडलेला होता आणि त्याचा रिचार्ज कित्येक महिने झालेला नव्हता. असा क्रमांक बंद होऊन पुढे दुसऱ्याच ग्राहकाला मिळू शकतो, आणि मग आपले ओटीपी त्याच्याकडे जातात. दुसऱ्याच दिवशी शाखेत अर्ज देऊन आम्ही तो बदलून घेतला.

वडिलांचे पासवर्ड मी आता स्वतःकडे ठेवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, तिसऱ्याच कुणाच्या चुकीने झालेला गैरव्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर जबाबदारी नाही, असे म्हटले आहे. पण ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा भार त्याच्यावरच टाकला आहे. त्यामुळे संयुक्त खात्यासाठी मी माझे वेगळे लॉगिन घेतले. ते सहा शब्द वडिलांनी कागदावर लिहून, पाकिटावर सही करून लॉकरमध्ये ठेवले आहेत. निळ्या वहीतील पासवर्डांची पाने त्यांनी फाडून जाळली, आणि आता तिच्यात खाती, शाखा, नॉमिनींची नावे, ठेवींच्या मुदती आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक, एवढेच आहे.