बंड्याची भाऊबीज आणि सहा किलोंची परडी

आमचा कुत्रा बंड्या दादाबरोबर नागपूरला गेला, त्यानंतरची ही पहिली दिवाळी. त्याला भाऊबीज पाठवते म्हटल्यावर आई म्हणाली, "अगं, ओवाळणी भाऊ घालतो!" मी ऐकलं नाही.

खाऊत एक रविवार गेला. रताळ्याच्या पातळ चकत्या मंद ओव्हनमध्ये तीनेक तास वाळवल्या. वाफवलेल्या लाल भोपळ्यात नाचणीचं पीठ मळून बिस्किटं केली. मीठ, साखर काही नाही. जुन्या टी-शर्टच्या पट्ट्यांची वेणी घालून ओढाओढीचा दोर झाला. फटाके सुरू झाले की हा पलंगाखाली शिरतो, म्हणून माझी आठवडाभर वापरलेली ओढणीही घातली. बुरूड आळीतून बांबूची परडी आणली, वर झेंडूची माळ. कापडी हो, खरी कुजली असती.

वसुबारसेला परडी घेऊन कुरियरच्या दुकानात गेले. "आत काय?" "कुत्र्याचा खाऊ." काउंटरवरच्या मुलाने हात मागे घेतला. "नॉनव्हेज चालत नाही." रताळं आहे म्हटलं. मग बिल हवं. घरी केलेल्या बिस्किटांचं बिल कुठून आणू? माझ्या पुढच्या काकूंचा चकल्यांचा डबा बिलाशिवाय गेला होता, तेही मी सांगितलं. "तो फराळ आहे, मॅडम."

शेवटी 'सुका खाऊ' लिहून तो राजी झाला आणि त्याने टेप काढली. चाळीस बाय तीस बाय पंचवीस. "सहा किलो." मी म्हटलं, काट्यावर ठेव. काट्यावर १.९ भरलं. "पण व्हॉल्यूमचे सहा, मॅडम." लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, वजन आणि हा आकडा यांत जे जास्त, त्याचे पैसे. म्हणजे चार किलो नुसती हवा मी नागपूरला पाठवत होते! मागे रांग, कोणीतरी "आवरा हो" म्हणालं. मी चिडून परडी उचलली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सगळं ३० बाय २० बाय १२ च्या खोक्यात दाबून भरलं. दीड किलोत बसलं. परडी आता माझ्याकडे आहे, कांदे ठेवते तीत. तर खोकं आधी मोजा, सजावट नंतर. परडी हवीच असेल तर तिकडच्यांना तिकडेच घ्यायला सांगा.

हो, आईने मूठभर चिवडा घालायला सांगितला होता. अजिबात नाही. त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण, चॉकलेटही नकोच. बाजारचं पीनट बटर घेणार असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्यांना विषारी) नाही ना, हे डब्यावर वाचा.

फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव मी रागारागात 'बंड्या' लिहिलं होतं. आडनावाशिवाय सिस्टिम पुढे जाईना, म्हणून आमचं घातलं. पाडव्याला दादाला फोन आला, "बंड्या सर आहेत का? ओटीपी हवाय."

दादा म्हणाला, "आहेत, पण पलंगाखाली आहेत."