ईमॅक्समध्येच जीडीबी का? तुम्ही विचारलंत म्हणून

इंटर्नशिपला येणारी पोरं पहिल्या आठवड्यात एकदा तरी विचारतातच, आणि हल्ली जुने विद्यार्थीपण व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायला लागलेत, की सर, व्हीएस कोड फुकट मिळतोय, माऊसने लाल ठिपका टाकला की ब्रेकपॉइंट लागतो, मग तुम्ही अजून ते ईमॅक्स आणि त्यात जीडीबी काय घेऊन बसलाय? विचारताना आवाजात थोडी कीव पण असते. तर एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन. नवख्यांसाठी, ईमॅक्स आणि व्हीएस कोड हे दोन्ही कोड लिहायचे एडिटर, जीडीबी म्हणजे चालू प्रोग्राम मधेच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारा डीबगर, आणि ब्रेकपॉइंट म्हणजे ज्या ओळीवर त्याला थांबायला सांगायचं ती खूण.

पहिली गोष्ट, व्हीएस कोड स्वतः सीचा प्रोग्राम डीबग करतच नाही. लिनक्सवर त्याचं सीचं एक्स्टेंशन टाकलं की मागे बहुतेक वेळा हाच जीडीबी चालतो, आणि दोघं एमआय नावाच्या ठराविक भाषेत बोलतात. ईमॅक्सपण २०१२ साली आलेल्या २४ व्या व्हर्जनपासून जीडीबीशी ह्याच एमआयमधून बोलतो. म्हणजे इंजिन तेच, कुठे बसून चालवायचं एवढाच फरक. आणि जीडीबी १९८६ ला रिचर्ड स्टॉलमनने लिहिला, जीएनयू ईमॅक्स त्याच्या आदल्या वर्षी बाहेर पडला होता तोही त्याचाच, त्यामुळे ह्या दोघांचं जमतं ह्यात नवल काय.

आता माझं काम कसलं ते सांगतो, नाहीतर पुढचं पटणार नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लूमवाल्यांना मी काउंटर बसवून देतो, कुठल्या लूमवर कुठलं डिझाइन चालू आहे आणि किती पीस निघाले ते एका छोट्या लिनक्सच्या डब्यात गोळा होतं, प्रोग्राम साध्या सीमध्ये. त्या डब्याला स्क्रीन नाही, कारखान्यात नेट म्हणजे माझ्याच मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि शेडमध्ये गेलं की रेंजची एकच काडी. तिथे एसएसएच करून, म्हणजे लॅपटॉपवरून त्या डब्यात लॉगिन करून, टर्मिनलमधलं ईमॅक्स उघडलं की नुसती अक्षरं येतात-जातात, तेवढं त्या एका काडीवर निभतं.

पण खरं कारण नेट नाही. एक किस्साच सांगतो.

एका चादरीच्या कारखान्यात एखाद्या लूमचा पीसचा आकडा मधूनच उणे दीडशे कोटीच्या पुढे जायचा. मालक म्हणाले सेन्सर बदला, बदलला, तरी तेच. आता प्रिंटएफ, म्हणजे आकडा छापून दाखवणारी ओळ, टाकून बघायचं तर टाकणार कुठे, कारण त्या आकड्याला हात लावणाऱ्या जेवढ्या ओळी होत्या त्या सगळ्या बरोबर होत्या, डोळे फुटेस्तोवर वाचल्या तरी बरोबरच. अशा वेळी ब्रेकपॉइंटचापण उपयोग नसतो, लाल ठिपका टाकायला ओळ तर माहिती पाहिजे ना बे!

तर डॅश जी लावून (डीबगरला लागणारी माहिती प्रोग्राममध्ये राहावी म्हणून), ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपाइलरने वेगासाठी केलेले फेरफार, बंद करून प्रोग्राम परत कंपाइल केला, ईमॅक्समध्ये एम-एक्स जीडीबी म्हणून डीबगर चालू केला, आणि एकच कमांड दिली, वॉच लूम[११].पीस. म्हणजे प्रोसेसरलाच सांगायचं की मेमरीतल्या ह्या जागेवर कोणीही काही लिहिलं की थांब, मग लिहिणारा कोण का असेना. एक्स८६ मध्ये, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरमध्ये, ह्याच्यासाठी चार डीबग रजिस्टर असतात, त्यामुळे प्रोग्राम रेंगाळत नाही, नेहमीच्या स्पीडने पळतो. मग कारखान्यातून आणलेल्या एंट्र्या एकामागून एक त्याला खायला घातल्या. पीस ३३८, ३३९, ३४०, दर वेळी थांबतो, मी कंटिन्यू म्हणतो, आणि मग एकदा जुनी व्हॅल्यू ३४०, नवीन व्हॅल्यू -१५२८७९०३६४.

थांबला होता स्ट्रकॉपी ह्या मजकूर कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या पोटात, लायब्ररीच्या असेंब्लीत. ‘अप’ म्हणून एक फ्रेम वर, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये, आलो तर ईमॅक्सने शेजारी आपली फाइल उघडून बाण बरोबर त्या ओळीवर ठेवला जिथे डिझाइनचं नाव कॉपी होत होतं. पीसचा तिथे काही संबंधच नाही! मग एक्स स्लॅश २४एक्सबी करून नावाच्या जागेपासून २४ बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) काढले, तर ई० ए४ एई, ई० ए४ एएफ, ई० ए५ ८२, असे तीन-तीनचे गट. मराठी डेटावर काम केलेल्या माणसाला हे लगेच ओळखू येतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रा-अनुस्वार सगळे वेगळे धरून. खात्री करायला दुसऱ्या बफरमध्ये (बफर म्हणजे ईमॅक्समधलं उघडं पान) म टाइप केला, त्याच्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबलं, ईमॅक्सने तेच तीन बाइट दाखवले.

नाव होतं ‘मयूरपंख’. सात चिन्हं, २१ बाइट, शेवटचा शून्य धरून २२, आणि जागा ठेवलेली १६. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दहा अक्षरात बसायचं म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळलं नाही, नवीन सुपरवायझरने नावं मराठीत टाकायला सुरुवात केली आणि उरलेले बाइट शेजारच्या पीसमध्ये सांडले. ए४ ८२ ई० ए४, हे चार उलटे लावून (एक्स८६ आकड्याचा शेवटचा बाइट आधी ठेवतो म्हणून) साइनवाला, म्हणजे उणेपण होऊ शकणारा, इंटिजर म्हणून वाचा, तोच उणे आकडा येतो, करून बघा की. सुपरवायझरचं काही चुकलं नाही, सोलापुरात डिझाइनची नावं मराठीत नाही टाकायची तर कुठे टाकायची.

व्हीएस कोडमध्ये हे झालं नसतं का? झालं असतं, त्यालापण डेटा ब्रेकपॉइंट, म्हणजे वॉचसारखीच सोय, आहेत. पण मला आवडतं ते असं की जीडीबी जे बोलला ते सगळं बफरमध्ये साधा मजकूर म्हणून पडून राहतं. कंट्रोल-आर मारून तासाभरापूर्वीची व्हॅल्यू शोधता येते, बाइट कॉपी करता येतात, आणि तो अख्खा बफर सेव्ह करून सहा महिन्यांनी पोरांना दाखवता येतो.

तक्रारी आहेतच. सोर्स फाइलमधून पुढच्या ओळीवर जायला कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ए, कंट्रोल-एन, बोटं मोडतात, म्हणून मी ते एफ-कीजना बांधून टाकलंय. मेनी विंडोज चालू केलं की कमांड, सोर्स, लोकल व्हेरिएबल, आउटपुट, स्टॅक, ब्रेकपॉइंट अशा सहा खिडक्या उघडतात, लहान लॅपटॉपवर एकातही धड काही दिसत नाही, मी ते बंदच ठेवतो. आणि जावास्क्रिप्टसाठी ह्या भानगडीत पडू नका, ब्राउझरचा डीबगर लै बरा आहे.

व्हिम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांनी उगाच नाराज होऊ नये, २०१८ च्या ८.१ व्हर्जनपासून तुमच्याकडे जीडीबी चालवणारं टर्मडीबग आहे, पॅकअ‍ॅड टर्मडीबग म्हणा आणि मग टर्मडीबग, वॉच तिथेपण असाच लागतो.