कुंभारणीची बेगमी

लॅपटॉपच्या जाळीत कुंभारणीने, म्हणजे कुंभारीण माशीने, घर बांधलं होतं. अंगठ्याएवढं, मातीचं, घट्ट. टोकरलं तर आतून वाळलेले चार कोळी निघाले. आमच्या देवगडात पावसाळ्याची बेगमी सगळेच करतात, पण पंख्याच्या तोंडात करणारी ही पहिलीच.

आयबीएमचा थिंकपॅड टी४२, २००४ सालचा. मुंबईच्या काकांनी नवा घेतला तेव्हा हा बाबांच्या आंब्याच्या हिशेबाला आला, आणि मग पोटमाळ्यावर गेला.

कीबोर्ड उचलला. स्क्रू करवंटीत. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पानाच्या डब्यातल्या जुन्या चुन्यासारखी खडखडीत. मेमरीच्या सोनेरी दातांवर खाऱ्या हवेचा काळपट थर. तो शाळेतल्या खोडरबराने गेला. इथे बिजागऱ्या गंजतात, चष्म्याचे स्क्रू गंजतात, याने तरी का अपवाद असावं? यंत्रातल्या घड्याळाचा सेल मात्र गंजला नव्हता, नुसता मेला होता. आत साधा ३ व्होल्टचाच, फक्त शेपटीसारख्या दोन वायरी लावलेला.

"काय रे, उठलो काय म्हातारो?" बाबा ओटीवरून दर अर्ध्या तासाने.

उठला. डिस्क रातकिड्यासारखी किरकिरत जुनं विंडोज एक्सपी आलं. त्याची देखभाल २०१४ मध्येच थांबली, आजच्या वेबसाइट त्याच्या ब्राउझरला दारातूनच परत पाठवतात. मला ते फार आवडलं. या यंत्रावर कुणाचा सुप्रभात येत नाही. कळा खोल दाबल्या जातात, मधलं लाल बटण टिकलीएवढं, आणि बोट ठेवलं की बाण हलतो. तो सरळ जायला दोन दिवस लागले, ते सोडा.

संध्याकाळी पाऊस आला आणि नेहमीप्रमाणे लाइट गेली. नवी मागवलेली बॅटरी होती म्हणून निभावलं. कोपऱ्यातली एफएन आणि वरची पेज-अप या दोन कळा एकदम दाबल्या. झाकणाच्या वरच्या काठातला इवलासा दिवा कळांवर पडला. बाबा खुर्ची ओढून आले. २००९ ची फाइल उघडली, फयान वादळानंतरची. पडलेल्या कलमांची यादी. ते स्क्रीनला नाक लावून वाचत राहिले.

"हिशोब चुकलो. बांधावरची दोन कलमां ऱ्हवली."

आणि एका बोटाने, कळा शोधत, लिहायला लागले.